नवापूरचें स्टेशन आणि भाषेचें सरकार

प्रवासवर्णन म्हटलें कीं काशी, रामेश्वर, हिमालय, निदान महाबळेश्वर तरी वाचकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. आम्ही ज्या स्थळाची हकीकत आज सांगणार आहों तेथें देऊळ नाहीं, धबधबा नाहीं, थंड हवाही नाहीं. तें आहे जळगांवाहून सुरतेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील नवापूर नांवाचें एक बेताचें स्टेशन. जन्म खानदेशांत गेला, चाकरी खानदेशांत झाली, तरी तें स्टेशन उतरून पाहण्याचा योग आम्हांस साठी उलटल्यावर आला; आणि तोही आमच्या बुद्धीनें नव्हे, तर एका दहा वर्षांच्या मुलाच्या हट्टानें.

हा मुलगा म्हणजे आमचा नातू. आमचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त बेल्जियम देशाच्या राजधानींत, ब्रसेल्स येथें, सहकुटुंब राहतात. नातू तेथील फ्रेंच माध्यमाच्या शाळेंत जातो. गेल्या दिवाळींत, म्हणजे २०२५ सालीं, तो घरीं आला तेव्हां आम्हीं सहज विचारलें कीं, ऐन ऑक्टोबरांत तुला दोन आठवड्यांची सुटी कशी मिळाली? तो म्हणाला, "आमच्या सरकारनें दिली. समोरच्या घरांतली मुलगी दुसऱ्या सरकारच्या शाळेंत आहे. तिला एकच आठवडा." एका रस्त्यावर समोरासमोर दोन घरें, आणि दोन सरकारांच्या दोन सुट्या! आम्हांस प्रथम ही बालसुलभ गंमत वाटली. चिरंजीवांनीं खुलासा केला कीं, ही गंमत नव्हे, अक्षरशः खरी गोष्ट आहे. फ्रेंच भाषिक समाजाचें तेथें एक स्वतंत्र सरकार आहे. त्यानें २०२२ सालापासून शाळांचें वर्ष नव्यानें बांधलें. सुमारें सात आठवडे अभ्यास आणि मग दोन आठवडे विश्रांति असा क्रम ठेवला. फ्लेमिश भाषिकांचें सरकार निराळें. त्यानें जुनेंच वेळापत्रक चालूं ठेवलें. तात्पर्य, आमच्या सौभाग्यवतींना नातवाला उटणें लावतां आलें तें त्या दूरच्या फ्रेंच सरकारच्या कृपेनें!

भाऊबीज झाल्यावर नातवानें कोठेंतरी छापलेलें एक चित्र आमच्यापुढें ठेवलें. फलाटावरील एक बाक, आणि त्यावर मधोमध ओढलेली रेघ. एका बाजूस महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूस गुजरात. "आजोबा, हें आपल्याकडे आहे? मला त्या बाकावर बसायचें आहे." बेत ठरला, आणि दुसऱ्याच दिवशीं आम्ही तिघे सकाळच्या पॅसेंजरनें निघालों. सौभाग्यवतींनीं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि उरलेल्या करंज्या बरोबर घेतल्या.

हा मार्ग मूळचा ताप्ती व्हॅली रेल्वेचा. सुरतेहून निघून तो इ. स. १९०० च्या सुमारास अमळनेरास पोंचला आणि पुढें जळगांवास जोडला गेला. पाळधी, धरणगांव, अमळनेर, बेटावद, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार असा तापीच्या खोऱ्यांतून तो पश्चिमेस सरकत जातो. दिवाळीच्या दिवसांत या वाटेची शोभा पाहण्याजोगी असते. दोन्ही अंगांस काळी जमीन, तींत कपाशीचीं बोंडें फुटून पांढरीं झालेलीं, मधून मधून केळीचे बाग. आणि वेचणीस निघालेल्या बायांच्या रांगा. अमळनेर आलें तेव्हां आम्हीं नातवास सांगितलें कीं, येथील प्रताप हायस्कुलांत साने गुरुजी शिक्षक होते. त्याला तें नांव ठाऊक होतें. ब्रसेल्सच्या घरीं निजतांना त्याची आई त्याला 'श्यामची आई' वाचून दाखविते. हें ऐकून आम्हांस किती समाधान वाटलें तें वाचकांना निराळें सांगावयास नको.

परंतु या प्रवासांत डोळ्यांपेक्षां कानांनाच अधिक काम होतें. जळगांवास जे प्रवासी डब्यांत चढले त्यांच्या बोलण्यांत असोदे-भादली या बाजूच्या लेवा बोलीचा ठसका होता. असोदें हें बहिणाबाई चौधरींचें माहेर, आणि त्या निरक्षर बाईची वाणी याच बोलींत घडलेली. धरणगांव-अमळनेर मागें पडतां पडतां डबा अहिराणी बोलूं लागला. दोंडाईच्यास गुजर पाटीदारांची गुजरी कानीं आली. नंदुरबारास गुजराती व्यापारी मंडळी चढली. याच नंदुरबारांत ९ सप्टेंबर १९४२ रोजीं तिरंगा हातीं घेऊन गोळ्या झेलणारा शाळकरी शिरीषकुमार मेहता हाही गुजराती घरचाच मुलगा होता. पुढें चिंचपाड्यास डोंगर जवळ आले आणि मावची बोलणारीं आदिवासी कुटुंबें टोपल्या घेऊन डब्यांत आलीं. इतक्या बोली बदलल्या, पण अमुक एका स्टेशनावर एक भाषा संपली आणि दुसरी सुरू झाली असें कोणासही दाखवितां आलें नसतें. रात्रीची पहाट होते आणि पहाटेचा दिवस होतो, त्यांत रेघ कोठें असते?

रेघ आहे ती नवापुरास. स्टेशन सुमारें ८०० मीटर लांब आहे. त्यांपैकीं सुमारें ३०० मीटर महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यांत आणि उरलेलें ५०० मीटर गुजरातच्या तापी जिल्ह्यांत मोडतें. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रांत आहे, तर स्टेशनमास्तरांची बसण्याची जागा गुजरातेंत. गाडीची वर्दी मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांतून दिली जाते. १ मे १९६० रोजीं द्विभाषिक मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि राज्यसीमा या स्टेशनांतून गेली. गुजरातेंत दारूबंदी, महाराष्ट्रांत ती तशी नाहीं. त्यामुळें एकाच फलाटाच्या दोन टोकांस दोन कायदे लागू! संस्कृतांत देहलीदीपन्याय म्हणून प्रसिद्ध आहे: उंबऱ्यावर ठेवलेला दिवा घराच्या आंतही उजेड पाडतो आणि बाहेरही. नवापूरचें स्टेशन हें या दोन राज्यांच्या उंबऱ्यावरील असेंच एक दीपपात्र आहे.

नातू बाकावर बसला. एक पाय इकडे, एक पाय तिकडे. आजीनें दशमी हातांत दिली ती त्यानें महाराष्ट्रांत घेतली आणि गुजरातेंत खाल्ली. मग एकाएकीं त्यानें विचारलें, "आजोबा, येथल्या मुलांची शाळा कोणतें सरकार चालवतें?"

आम्हीं सांगितलें, जो या बाजूस राहतो त्याची महाराष्ट्र सरकार, जो त्या बाजूस राहतो त्याची गुजरात सरकार.

"आणि रस्ता?"

तोही तसाच.

"आणि ही गाडी?"

ती मात्र भारत सरकारची.

तो विचारांत पडला. "आमच्याकडे गाडी बेल्जियमची, रस्ता ब्रसेल्सचा, आणि शाळा फ्रेंच सरकारची. मग येथें या बाजूला राहून मुलाला गुजराती शिकायचें असलें तर?"

प्रश्न मुलाचा, पण उत्तर देण्यास मोठमोठ्या घटनापंडितांनीं दोन दोन ग्रंथ लिहावेत असा. तें उत्तर समजण्यासाठीं वाचकांना घटकाभर त्या परदेशाची व्यवस्था सांगितली पाहिजे. ती आम्हीं त्या आधींच्या वर्षीं चिरंजीवांकडे राहून थोडी डोळ्यांनीं पाहिली होती.

बेल्जियम हा देश इतका लहान कीं आमच्या एकट्या जळगांव जिल्ह्याची तिप्पट केली तरी तो तीहून लहानच ठरेल. उत्तरेस फ्लेमिश लोक, त्यांची भाषा डच. दक्षिणेस वालोनिया, तेथें फ्रेंच. पूर्वेच्या कडेस थोडे जर्मन भाषिक. आणि मध्यें ब्रसेल्स, जेथें डच व फ्रेंच दोन्ही भाषा कायद्यानें चालतात, रस्त्याच्या प्रत्येक पाटीवर दोन्ही नांवें असतात. आगगाडींत बसलें कीं रेघ ओलांडतांच वर्दीची भाषा बदलते. ज्या शहरास फ्रेंच लोक लिएझ म्हणतात त्यासच डच पाटीवर लुइक म्हटलेलें असतें, आणि अनभिज्ञ प्रवासी आपलें गांव शोधीत बसतो! तेथें भाषांचें भांडण पूर्वीं फार होतें. दर जनगणनेंत भाषा मोजली जाई आणि त्या मोजणीवरून गांवांची ओढाताण होई. शेवटीं १९४७ नंतर ती मोजणीच बंद पडली, आणि १९६२-६३ सालीं कायद्यानें भाषेची सीमा कायमची आंखून टाकली. आपल्याकडे १९६० आणि त्यांच्याकडे १९६२. काळ जवळ जवळ एकच.

रेघ आंखूनही भांडण मिटेना. १९६८ सालीं लूव्हेन येथील शेंकडों वर्षांचें जुनें विद्यापीठ भाषेवरून दुभंगलें. फ्रेंच शाखेनें दूर माळावर नवें गांवच वसविलें. ग्रंथालयाची वाटणी कशी केली हें ऐकून आमच्या अंगावर कांटा आला. विषम क्रमांकांचे ग्रंथ एकाकडे, सम क्रमांकांचे दुसऱ्याकडे! एखाद्या ग्रंथमालेचा पहिला भाग येथें आणि दुसरा तेथें असेंही झालें असेल. भाऊबंदकींत भांडीं वांटतात हें आम्हीं पाहिलें आहे. सरस्वतीची अशी वांटणी ऐकिली नव्हती.

या अनुभवांतून त्यांनीं जी युक्ति काढली ती विचार करण्याजोगी आहे. त्यांनीं राज्यकारभाराचे दोन ढीग केले. जमीन, रस्ते, पाणी, उद्योग, घरबांधणी हीं भूमीचीं कामें. तीं प्रदेशांच्या सरकारांकडे दिलीं. शाळा, कलाशाळा, ग्रंथालयें, नाटकें, नभोवाणी, मुलांचें संगोपन हीं माणसांचीं कामें, आणि माणसांचीं कामें भाषेवांचून होत नाहींत; म्हणून तीं भाषिक समाजांच्या सरकारांकडे दिलीं. १९७० च्या घटनादुरुस्तीनें या समाजांस प्रथम मान्यता मिळाली. १९८० सालीं त्यांचे अधिकार वाढले. १९८१ च्या अखेरीस फ्रेंच समाजाचें कार्यकारी मंडळ मध्यवर्ती मंत्रिमंडळापासून वेगळें होऊन स्वतःच्या पायांवर उभें राहिलें. १९८९ च्या आरंभीं शिक्षणाचा सारा भार त्याकडे आला. १९९३ सालीं देश हें संघराज्य असल्याचें घटनेंतच लिहिलें गेलें, आणि त्या मंडळास 'सरकार' हें नांव मिळालें.

या सरकारची रचनाही मोठी चमत्कारिक. त्याच्या विधिमंडळांत ९४ सभासद असतात; पैकीं ७५ वालोनियाच्या विधिमंडळांतून येतात आणि १९ ब्रसेल्सच्या फ्रेंच भाषिक सभासदांतून. हेंच मंडळ मंत्र्यांची निवड करतें. मंत्री आपल्या मंडळापुढें शपथ घेतात. मुख्य मंत्री तेवढा राजापुढेंही घेतो. त्यांच्या कायद्याचें वजन मध्यवर्ती कायद्याइतकेंच. मात्र हें सरकार स्वतःचा कर बसवीत नाहीं. मध्यवर्ती सरकारनें गोळा केलेल्या करांतून मिळणाऱ्या वाट्यावर त्याचा संसार चालतो, आणि त्यांतील सर्वांत मोठा खर्च शिक्षणाचा, म्हणजे मुख्यतः शिक्षकांच्या पगाराचा. ब्रसेल्समध्यें सुर्ले द शोकिए नांवाच्या चौकांत त्याची कचेरी आहे. आम्हीं ती बाहेरून पाहिली. फौजफाटा नाहीं, तोफा नाहींत. चिरंजीव म्हणाले, "बाबा, या सरकारकडे पोलीस नाहींत, सैन्य नाहीं, यांचें मुख्य काम शाळा." आम्हीं हात जोडले. सबंध आयुष्य फळा-खडूंत घालविलेल्या मनुष्यास, जगाच्या पाठीवर कोठेंतरी एक सरकार जवळ जवळ शाळामास्तराच्याच कामासाठीं स्थापन झालें आहे, हें पाहून काय वाटलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

तेथें सारें आलबेल आहे असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. फ्लेमिश लोकांनीं आपला प्रदेश आणि आपला समाज यांचा कारभार एकत्र करून एकच सरकार केलें. फ्रेंच भाषिकांनीं दोन्ही निराळे ठेवले, म्हणून त्यांच्याकडे मंत्री फार आणि गोंधळही फार, अशी तक्रार तेथील गृहस्थ चहाच्या टेबलाशीं करतात. सरकारें पुष्कळ झालीं म्हणजे सुख पुष्कळ होतें असें नाहीं. पण सीमेबद्दल त्यांनीं एक शहाणपण केलें. भाषेची रेघ हलवावयाची तर दोन्ही भाषांच्या प्रतिनिधींचें निरनिराळें बहुमत लागतें. एकानें दुसऱ्यावर मात करून ती हलवितां येत नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. इंग्रजीअमलांत या लोहमार्गावरील सोनगढ-व्यारा हा मुलूख बडोदें संस्थानचा होता आणि नवापूर पश्चिम खानदेशांत, म्हणजे धुळें जिल्ह्यांत. बडोद्याचे सयाजीराव महाराज मराठे. परंतु १९०६ सालीं त्यांनीं राज्यभर सक्तीचें मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलें तेव्हां गुजराती प्रजेच्या मुलांस तें गुजरातींत दिलें. राजाची भाषा एक आणि प्रजेच्या शाळेची दुसरी, यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं. पुढें स्वराज्य आलें. भाषावार प्रांतांचा प्रश्न निघाला. १९५५ सालीं फाजल अली आयोगाचा अहवाल आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं द्विभाषिक मुंबई राज्य झालें. त्याविरुद्ध संयुक्त महाराष्ट्राचा लढा झाला, हुतात्म्यांचें रक्त सांडलें, आणि १९६० सालीं महाराष्ट्र व गुजरात अशीं दोन राज्यें झालीं. त्या वांटणींत डांग गुजरातेंत गेला. पश्चिम खानदेशाच्या नवापूर, नंदुरबार, तळोदें आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील कांहीं गांवेंही गेलीं. आमचा जन्म त्याच वर्षींचा. आम्ही आणि महाराष्ट्र राज्य समवयस्क आहों, आणि त्या राज्याबद्दल आमच्या मनांत जो अभिमान आहे तो आमच्याबरोबरच वाढला. आपल्या भाषेंत आपला कारभार, आपल्या भाषेंत आपल्या मुलांची शाळा, हें थोडें सुख नव्हे. तें ज्यांना नाहीं त्यांना त्याची किंमत विचारावी. बेळगांवच्या मराठी माणसांचा प्रश्न महाराष्ट्रानें २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयांत नेला तो याच दुःखापोटीं.

परंतु नातवाच्या प्रश्नानें आम्हांस दुसऱ्याच एका गोष्टीची आठवण झाली. ती इतकीं वर्षें आम्हीं कोणास सांगितली नव्हती, आज सांगतों.

१९८२ सालच्या पावसाळ्यांत आम्ही धुळें जिल्ह्यांतील एका खेड्याच्या शाळेवर नवे शिक्षक म्हणून रुजू झालों. वय बाविशीचें, मुखांत संस्कृत, आणि शुद्ध बोलण्याचा मोठा अभिमान. चौथीच्या वर्गांत एका मुलास आम्हीं विचारलें, तुझ्या वडिलांस बोलाविलें होतें, ते कां आले नाहींत? तो उभा राहून म्हणाला, "मन्हा बाप वावरमा गया." वर्गांत कोणीही हसलें नाहीं, कारण सारे तसेंच बोलत. हसलों ते आम्हीच. मग आम्हीं त्यास "माझे वडील शेतांत गेले आहेत" हें वाक्य दहा वेळां म्हणावयास लावलें. त्यानें तें बिनचूक म्हटलें. पण त्यानंतर त्या वर्षभरांत त्यानें आमच्या एकाही प्रश्नास उत्तर दिलें नाहीं. पांचवींत तो आला नाहीं. मूल शाळा सोडतें त्यास घरचीं, शेताचीं, पैशाचीं अनेक कारणें असतात. त्यांत आमचेंही एक कारण होतें कीं काय, हें विचारण्यास आम्ही कधीं त्याच्या घरीं गेलों नाहीं. हजेरीपटावर त्याच्या नांवापुढें 'गैरहजर' लिहिलें आणि पुढें पान उलटलें.

त्याचें चुकलें काय होतें? 'शेतांत' या अर्थीं 'वावरमा'. हा 'मा' अहिराणीचा सप्तमीचा प्रत्यय आहे. गुजरातींत त्या जागीं 'मां' येतो. नवापूरच्या फलाटावर त्या दिवशीं गुजराती वर्दींत आम्हीं तोच ऐकला. अशाच खुणांवरून ग्रियर्सन साहेबांनीं १९०७ च्या आपल्या भाषासर्वेक्षणाच्या भागांत खानदेशीला भिल्ल बोलींच्या शेजारीं बसविलें होतें. अनेक मराठी अभ्यासक तिला मराठीचीच बोली मानतात. तो वाद पंडितांचा. पण ज्या पाणिनीचीं सूत्रें आम्ही अभिमानानें म्हणत होतों, त्यानें पूर्वेकडील आणि उत्तरेकडील लोकांचे निराळे प्रयोग 'प्राचाम्', 'उदीचाम्' असे आदरानें नोंदविले आहेत; चूक म्हणून खोडलेले नाहींत. व्याकरणाच्या त्या थोर आचार्यास जें जमलें तें एका प्राथमिक शिक्षकास जमलें नाहीं.

आपली घटना या बाबतींत मुकी नाहीं. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनें तींत ३५०-अ हें कलम आलें. भाषिक अल्पसंख्य समाजांतील मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची सोय करण्याचा प्रत्येक राज्यानें प्रयत्न करावा, असें तें सांगतें. नातवाच्या प्रश्नाचें कागदावरील उत्तर हेंच: रेघेच्या या बाजूस राहूनही गुजराती शिकतां यावें. महाराष्ट्रानें त्या दिशेनें कांहीं केलेंच नाहीं असेंही नाहीं. १९६७ सालीं स्थापन झालेली बालभारती आठ माध्यमांतून पुस्तकें काढते, त्यांत गुजराती आहे, कानडी आहे, उर्दू व सिंधीही आहे. पण त्या आठांत अहिराणी नाहीं, मावची नाहीं. २०११ च्या जनगणनेंत आपली भाषा खानदेशी म्हणून नोंदविणारे लोक १८ लाखांहून अधिक होते. तिकडे बेल्जियमच्या पूर्व कडेस जर्मन भाषिक लोक सारे मिळून सुमारें पाऊण लाख. त्यांना २५ सभासदांचें स्वतःचें विधिमंडळ आणि स्वतःचें सरकार आहे, आणि त्यांच्या शाळा तें सरकार पाहतें.

हे आंकडे शेजारीं शेजारीं ठेवले म्हणून कोणीं असा अर्थ काढूं नये कीं, आम्ही खानदेशास निराळें राज्य मागत आहों. तसें मुळींच नाहीं. मराठी ही आम्हां सर्वांची थोर भाषा. तिच्या छायेंत आम्ही वाढलों आणि तिच्यांतच आमच्या मुलांनीं ग्रंथ वाचावे हीच इच्छा. म्हणणें एवढेंच कीं, ज्या समाजानें आपल्या भाषेच्या सरकारासाठीं लढा दिला, त्यावर आपल्या घरांतील धाकट्या बोलींचें ऋण दुप्पट असतें. वडील भाऊ वेगळें घर मागून घेतो, तेव्हां त्यानें त्या घरांत धाकट्यांना ओसरीवर निजवावें हें न्यायाचें नाहीं. आणि हें काम विधिमंडळानें करावयाच्या आधीं वर्गांतील शिक्षकानेंच करावयाचें आहे. पहिलीच्या मुलास त्याच्या घरच्या शब्दानें हांक मारावी, 'वावर' पासून 'शेता'पर्यंत हात धरून न्यावें, आणि वाटेंत हसूं नये. यास ना घटनादुरुस्ती लागते, ना पैसा. जमिनीवर रेघ संसद आंखते. पण मुलाच्या जिभेवर रेघ आंखणारा मास्तर असतो, आणि ती पुसणाराही तोच.

परतीची गाडी यावयास अवकाश होता. चहाच्या टपरीवर एक पोरगा कप विसळीत होता; गिऱ्हाईक पाहून तो गुजराती, मराठी, हिंदी बोले, आणि आपल्या आईशीं मावची. चार भाषा, चौथीची पाटी सुटली असेल नसेल. नातवानें त्याच्याकडे मोठ्या आदरानें पाहिलें. "आजोबा, यानें हें सगळें कोणत्या शाळेंत शिकलें?" आम्हीं म्हटलें, याच स्टेशनावर.

गाडींत नंदुरबारहून एक शेतकरीण बाई नातीला घेऊन समोर बसल्या. दोन्ही मुलांची गट्टी जमली. कोणती भाषा चालली होती देव जाणे. पण हंसणें चालूं होतें. करंज्या संपल्या, शेंगा फुटल्या, अमळनेरास तीं उतरून गेलीं. जळगांव आलें तेव्हां दिवे लागले होते. फलाटावर उतरतांच नातू एकदम थबकला आणि ओरडला, "आजी, मन्ही पिशवी गाडीमा!"

सौभाग्यवती दचकल्या. "अरे, गाडींत म्हणावें, राजा..." असें त्या म्हणूं लागल्या. आम्हीं त्यांस हातानेंच थांबविलें आणि पिशवी आणावयास डब्यांत चढलों.